विजेच्या बिलाची मागची बाजू

२०२५ सालच्या जुलै महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतून एका जुन्या स्नेह्यांचा फोन आला. बिडाची कास्टिंग्ज करणारी त्यांची फौंड्री आहे. एकेकाळी त्यांच्या वडिलांचे खाते माझ्या शाखेत होते, त्यामुळे निवृत्तीनंतरही मी त्यांच्या दृष्टीने ‘साहेब’च राहिलो आहे. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला. “साहेब, भट्टी आता रात्री लावायची का दुपारी, तेवढं सांगा.”

प्रश्न विनोदाने विचारला होता, पण विनोदाचा नव्हता. विजेच्या भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. महाराष्ट्रात गेली अनेक वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या विजेवर उद्योगांना युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळत असे. सकाळी नऊ ते बारा ऐंशी पैसे जास्त आणि संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जास्त, असे त्याचे कोष्टक होते. म्हणजे रात्री वितळवलेल्या प्रत्येक टनामागे नऊशे रुपये वाचत. रात्रीला पाच टन धरले आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ही रक्कम एक लाख बारा हजार पाचशे होते. लहान फौंड्रीत पाचएक माणसांचे पगार त्यातून निघतात. म्हणून शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला रात्री दहानंतर भट्ट्या पेटत, आणि शहर झोपलेले असताना चौदाशे-पंधराशे अंशांचा रस साच्यांत ओतला जाई. त्या माणसांच्या बायकामुलांचे वेळापत्रकही या दीड रुपयाने ठरवलेले होते. घरातला कर्ता माणूस दिवसा झोपतो, म्हणून पोरांनी दंगा करायचा नाही.

आता सवलतीचा रोख रात्रीवरून दुपारकडे वळला आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दहा किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असणाऱ्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावावा, उन्हाच्या आठ तासांतला दर नेहमीपेक्षा निदान वीस टक्क्यांनी कमी असावा आणि गर्दीच्या तासांतला दर या ग्राहकांसाठी नेहमीच्या किमान एक पूर्णांक दोन दशांश पट असावा, असे त्यात आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२५ च्या मार्चअखेरीस जो दरआदेश काढला त्यात हे तत्त्व उतरले. तो आदेश आयोगाने काही दिवसांतच स्वतः थांबवला, मग जूनमध्ये फेरविचार करून दुसरा काढला. दरम्यान कारखानदारांनी कोणत्या पाळीला किती माणसे लावायची हे कोणत्या कागदावर विसंबून ठरवायचे, याची चौकशी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बदलामागचे कारण मात्र खरे आहे. पूर्वी चंद्रपूरचे किंवा कोराडीचे कोळशावरचे संच रात्रंदिवस चालत. मध्यरात्री मागणी घटली तरी ते बटण दाबून बंद करता येत नाहीत. बंद केले तर पुन्हा सुरू करायला वेळ आणि तेल दोन्ही जाते. म्हणून रात्रीची वीज स्वस्त देऊन ती खपवावी लागे. आता सूर्य मध्ये आला आहे. दुपारी सौर विजेचा पूर येतो आणि दिवे लागायच्या वेळेला तो ओसरतो, तेव्हा नेमके सगळे घरी येऊन बटणे दाबतात. शेतीपंपही रात्रीऐवजी दिवसा, सौर वाहिन्यांवर चालवण्याची योजना महाराष्ट्राने २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. तेव्हा ज्या वेळी माल मुबलक त्या वेळी तो स्वस्त, हे बाजाराच्या न्यायाला धरूनच झाले. माझी तक्रार दर बदलल्याची नाही. ज्याने रात्रपाळीवर धंदा बेतला, त्यासाठी कर्ज काढले, माणसे नेमली, त्याला नवे वेळापत्रक पचवायला किती अवधी मिळाला, हा माझा प्रश्न आहे. बँकेत आम्ही व्याजदर बदलत असू, पण कर्जदाराला निदान पत्र तरी जात असे.

स्नेह्यांना मी म्हटले, “दुपार की रात्र हे नंतर बघू. आधी बारा महिन्यांची बिले पाठवा.” बिले आली. चार दिवस ती घेऊन बसलो. नोकरीत असताना हे एकदाही केले नव्हते, याची मला त्या चार दिवसांत वारंवार आठवण झाली.

मी बँकेत कर्जविभागात बरीच वर्षे काढली. लघुउद्योजकाचा प्रस्ताव आला की त्याच्या अंदाजपत्रकात कच्चा माल, मजुरी, वीज-इंधन अशा ओळी असत. कच्च्या मालावर आम्ही तासभर वाद घालू. साठा किती दिवसांचा, उधारी किती दिवसांची, याची उलटतपासणी करू. वीज-इंधनाच्या ओळीवर मात्र गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढ धरली आहे ना एवढेच पाहून टिकमार्क करू. विजेचे बिल म्हणजे नगरपालिकेच्या घरपट्टीसारखी, यायचीच अशी गोष्ट, हा समज आमच्या मनात पक्का होता. तो कारखानदारांच्याही मनात होता आणि अजून पुष्कळांच्या मनात आहे.

१९९१ साली या स्नेह्यांचे वडील माझ्यापुढे येऊन बसले होते. तेव्हा त्यांची यंत्रशाळा होती. लेथ, ड्रिलिंग मशीन आणि जोडीला कोकवर चालणारा एक छोटा क्युपोला. त्यांना बावीस हजार रुपये हवे होते, कपॅसिटरच्या पॅनेलसाठी. त्यांच्या बिलात दर महिन्याला पॉवर फॅक्टर कमी असल्याचा दंड येत होता. पॉवर फॅक्टर म्हणजे काय हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हते आणि विचारायची लाज वाटली. आज सांगायचे तर असे सांगेन: एस.टी.त काही प्रवासी असे कल्पावेत की जे शेवटच्या थांब्यापर्यंत जातात आणि न उतरता त्याच गाडीने परत येतात. त्यांचे कुठलेच काम होत नाही, पण जागा अडते, आणि महामंडळाला जास्त गाड्या सोडाव्या लागतात. मोटारीला फिरण्यासाठी जे चुंबकीय क्षेत्र लागते त्यापायी असा येरझाऱ्या घालणारा प्रवाह वीजमंडळाच्या तारांतून वाहत असतो. कपॅसिटर मोटारीशेजारी बसवला की ही ये-जा त्या दोघांतच चालते आणि बाहेरच्या तारा मोकळ्या होतात.

मी तो प्रस्ताव नाकारला. ‘उत्पादनक्षमतेत प्रत्यक्ष भर घालणारी मालमत्ता नाही’ असा शेरा लिहिल्याचे मला शब्दशः आठवते, कारण तो शेरा मला त्या वेळी फार आवडला होता. त्यांनी एका पतपेढीकडून आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त व्याजाने पैसे उचलले आणि पॅनेल बसवले. वर्षभराने ते शाखेत आले आणि पॅनेलच्या आधीची तीन आणि नंतरची तीन बिले माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. एक शब्द बोलले नाहीत. चहा घेतला आणि बिले गोळा करून गेले. पतपेढीचे कर्ज तोवर फिटत आले होते.

तो दंड आता वेगळ्या रूपात येतो. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी किलोवॅट-तासाऐवजी केव्हीए-तासावर होते. म्हणजे न उतरणाऱ्या प्रवाशांचेही तिकीट थेट मोजले जाते. दंडाची निराळी ओळ नाही, त्यामुळे बिल चाळणाऱ्याच्या नजरेला ते खुपतही नाही. मुलाच्या फौंड्रीत वडिलांच्या पॅनेलची पुढची आवृत्ती भिंतीवर आहे. त्यातले काही कपॅसिटर मेलेले होते. केव्हापासून, हे कोणाला सांगता येईना.

बिलातली दुसरी गोष्ट कमाल मागणीची. विजेचे बिल किती युनिटे जाळली यावरच येते असे सामान्य माणसाला वाटते. कारखान्याच्या बिलात एक मोठा भाग ‘मागणी आकार’ म्हणून असतो, आणि तो महिन्याभरात एखाद्या क्षणी एकदम किती वीज ओढली यावर ठरतो. हा क्षण काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. महाराष्ट्रातल्या दरआदेशांत वर्षानुवर्षे असा नियम चालत आला आहे की या महिन्याची मागणी कमी असली, तरी मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या मागणीच्या पंचाहत्तर टक्क्यांखाली हिशेब जाऊ नये. याचा अर्थ, एका सोमवारी सकाळी घाईत भट्टी, वाळूचे मिश्रणयंत्र, कॉम्प्रेसर आणि शॉट ब्लास्टिंग एकदम सुरू केले की त्या पाव-अर्ध्या तासाचे ओझे जवळपास वर्षभर पाठीवर राहते. आमच्या स्नेह्यांच्या बिलांत असा एक सोमवार सापडला. त्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या मालाची निकड होती, एवढे त्यांना आठवले. माल वेळेवर गेला होता. त्यात मिळालेला नफा आणि त्या सोमवारची किंमत यांची वजाबाकी मी त्यांना करून दाखवली नाही.

याला उपाय काही महागडा नाही. कोणते यंत्र कोणत्या यंत्रानंतर किती मिनिटांनी सुरू करायचे याचा एक कागद स्विचबोर्डाजवळ चिकटवायचा आणि तो पाळला जातो की नाही ते पाहायचे. अडचण उपाय माहीत नसण्याची नाही. ज्याच्या हातात स्विच असतो त्याच्या हातात बिल कधी पडत नाही, आणि ज्याच्या हातात बिल पडते तो स्विचजवळ कधी जात नाही. बिल हिशेबनीस भरतो. मुदतीच्या आत भरले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले.

हे दृश्य मी बँकेतही पाहिले आहे, किंबहुना त्यात काम केले आहे. शाखेचे बिल आले की व्हाउचर बनवायचे, दोन सह्या करायच्या, खर्च खात्यात टाकायचा. बिल कमी आले म्हणून कोणा शाखाधिकाऱ्याची पाठ थोपटल्याचे मी ऐकलेले नाही आणि जास्त आले म्हणून कोणाची बदली झालेली नाही. शाखेत पहिला एसी आला तो संगणकासाठी. संगणकाला उकडू नये म्हणून त्या खोलीचे तापमान अठरा अंशांवर ठेवायचे असे कोणीतरी सांगितले होते, आणि बाहेर शंभर माणसे घामाघूम होऊन पेन्शनच्या रांगेत उभी असत. पुढे व्यवस्थापकाच्या केबिनलाही अठरा अंशच लागू लागले. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने जानेवारी २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान चोवीस अंशांवर लावून देण्याची सक्ती केली आणि एकेक अंश वाढवण्याने साधारण सहा टक्के वीज वाचते असा हिशेब दिला. यंत्र चोवीसवर सुरू होते हे खरे, पण रिमोट शेवटी साहेबांच्या खणात असतो.

चाळीस जुन्या ट्यूबलाइट असलेली शाखा घ्या. चाळीस वॅटची नळी आणि तिच्या चोकचे दहा-बारा वॅट मिळून बावन्न धरा. वीस वॅटच्या एलईडी नळ्या लावल्या तर दर तासाला सव्वा युनिटाहून थोडे अधिक वाचते. दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ३,८४० युनिटे. व्यापारी दर सगळे आकार धरून पंधरा रुपये मानला तर वर्षाला ५७,६०० रुपये, आणि चाळीस नळ्यांची किंमत याच्या जवळपासही जात नाही. पंच्याहत्तर वॅटच्या पंख्याऐवजी तीस वॅटचा नवा पंखा हाही तसाच सरळ हिशेब आहे. तरीही जुने पंखे फिरत राहतात, कारण पंख्याची खरेदी भांडवली खर्चात येते, तिला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते आणि तीन दरपत्रके लागतात. बिलाला मात्र काहीच लागत नाही. पगडीच्या किंवा भाड्याच्या जागेत तर आणखी मौज. वायरिंग मालकाचे, बिल भाडेकरूचे. सुधारणा कोणी करायची यावर दहा वर्षे निघून जातात.

पुन्हा शिरोलीकडे येतो. सप्टेंबरात एका रविवारी मी तिकडे गेलो. कारखाना बंद होता, पण मुद्दाम कॉम्प्रेसर तेवढा सुरू ठेवायला सांगितला होता. इतर दिवशी जिथे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही तिथे त्या दिवशी सगळ्या शेडभर सापाच्या फुत्कारासारखा बारीक आवाज येत होता. हवेच्या नळ्यांची गळती. सात किलो दाबाला तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून जी हवा जाते ती भरून काढायला कॉम्प्रेसरला तीन किलोवॅटच्या आसपास वीज लागते. दिवसाला सोळा तास धरले तर वर्षाच्या तीनशे दिवसांत १४,४०० युनिटे, म्हणजे युनिटला दहा रुपयांप्रमाणे १,४४,००० रुपये एका छिद्राचे. आम्ही साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन फिरलो. बुडबुडे कुठे येतात ते पाहून खडूने खुणा केल्या. अकरा जागा निघाल्या. सगळ्या तीन मिलिमीटरच्या नव्हत्या, हे देवाचे उपकार. सात किलोचा दाब लागतो का, या प्रश्नाला फोरमनने “पहिल्यापासून सातच आहे” असे उत्तर दिले. सहावर काम भागले. एवढ्यानेही कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज कमी होते. धूळ ओढणाऱ्या मोठ्या पंख्याचे गणित याहून चकित करणारे आहे. पंख्याची गती ऐंशी टक्क्यांवर आणली की त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. आमच्याकडे मात्र पंखा पूर्ण गतीने फिरवून त्याच्या तोंडाशी पत्र्याची झडप अर्धी लावण्याची पद्धत आहे.

भट्टीवर झाकण नव्हते. वितळलेला रस साच्यांची वाट पाहत अर्धा-पाऊण तास उघडा उकळत राहायचा, कारण साचे तयार करणारी माणसे आणि भट्टी चालवणारी माणसे यांच्या वेळा जुळत नव्हत्या. झाकण होते असे नंतर कळले. ते शेडच्या मागे गंजत पडले होते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे कारखानदाराच्या निष्काळजीपणाचे पुराण झाले. सरकारच्या माथी काय? तिथेच खरी गोम आहे. उद्योगाची वीज महाग असते कारण त्या दरातून इतर कोणाची तरी वीज स्वस्त करायची असते. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी करण्याची पद्धत महाराष्ट्रात १९७० च्या दशकात आली. २००४ च्या निवडणुकीआधी मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी मागे घेतली गेली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज आहे. तिचे पैसे सरकार अनुदान म्हणून भरेल असे ठरले आहे. शेतकऱ्याला मदत करू नये असे म्हणणारा मी नव्हे, माझे आजोळ शिरोळ तालुक्यातले आहे. पण ही बाजू ज्यांनी आजवर उचलली त्यांच्यातले मोठे आता निघून चालले आहेत. हरित ऊर्जेच्या खुल्या प्रवेशाचे नियम २०२२ मध्ये आले आणि एक मेगावॅटची जुनी अट शंभर किलोवॅटवर आली. ज्याच्याकडे भांडवल आहे तो माळावर सौरप्रकल्प उभारतो किंवा त्यात भागीदारी घेतो आणि महावितरणचे बिल मोठ्या प्रमाणात कमी करतो. मागे उरतो तो भाड्याच्या शेडमधला, बँकेत आधीच तारण दिलेला लहान माणूस. मोठे गिऱ्हाईक गेल्यावर दुकानाचा ठरलेला खर्च उरलेल्यांवर पडतो, हे समजायला बँकेत नोकरी करायला नको.

आणि या लहान माणसाकडे कोणी तपासनीसही येत नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऊर्जा लेखापरीक्षणाची सक्ती केली ती ठरवून दिलेल्या मोठ्या ग्राहकांना: सिमेंट, पोलाद, खत, ॲल्युमिनियम अशांना. २०१२ पासून त्यांना वीजबचतीची उद्दिष्टेही आखून दिली गेली. त्यांच्याकडे स्वतःचे ऊर्जा व्यवस्थापक असतात. शिरोलीच्या फौंड्रीकडे एक फोरमन आणि एक वायरमन असतो. वायरमन चांगला असला तरी दोन कारखान्यांत वाटलेला असतो.

नव्वदच्या दशकात आपण एन्रॉनवर किती भांडलो ते आठवते. १९९२ चा सामंजस्य करार, १९९५ ला रद्द, १९९६ ला पुन्हा, आणि १९९९ ला सुरू झालेला दाभोळचा पहिला टप्पा २००१ मध्ये बंद. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाचे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित त्या कराराची आकडेमोड लोकांपुढे मांडत होते. त्याच्याही आधी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी कर्नाटकच्या संदर्भात सांगत होते की वीज किती निर्माण करायची हे विचारण्याआधी ती कशासाठी आणि कशी वापरली जाते ते पाहा. आम्ही वाचत होतो, माना डोलावत होतो आणि आमच्याच शाखेत दिवसाढवळ्या चाळीस नळ्या जळत होत्या. माझ्या एका कादंबरीत दाभोळच्या आंदोलनाचे एक प्रकरण आहे. कपॅसिटरच्या पॅनेलचा तिच्यात उल्लेखही नाही.

स्नेह्यांनी शेवटी भट्टी सकाळी नऊला लावायला सुरुवात केली आहे. झाकण दुरुस्त होऊन आले, मेलेले कपॅसिटर बदलले, स्विचबोर्डाजवळ कागद लागला. बहुतेक कामगार खूष आहेत. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच रात्रीचे जेवण घरी होते, असे एकजण म्हणाला. दोघे नाखूष आहेत, कारण रात्रपाळीचा भत्ता गेला. तो काही प्रमाणात चालू ठेवावा असे मी सुचवले, त्यावर स्नेही “बघू” म्हणाले. उन्हाळ्याचे काय, हा प्रश्न मात्र त्यांना सुटलेला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता भट्टीच्या तोंडाशी उभे राहायचे म्हणजे काय असते, ते दर ठरवणाऱ्यांच्या कोष्टकात येत नाही. कामगारांनी ओतकामाच्या जागी चार मोठे मॅनकूलर मागितले आहेत. ते किती वॅटचे घ्यावेत, हे विचारायला परवा पुन्हा फोन आला होता.